झूम एच२एन : पट्टी ढळते तेव्हा तपासायचे काय

झूम या जपानी कंपनीचा एच२एन हा हातात मावणारा रेकॉर्डर २०११ मध्ये बाजारात आला. त्यानंतर बरीच नवी यंत्रे आली, तरी गाण्याच्या वर्गांत, छोट्या बैठकांत आणि जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवणाऱ्यांच्या घरी तो अजून दिसतो आणि जुन्या बाजारातही सहज मिळतो. त्याच्या आवाजाच्या गुणवत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या परीक्षणात मी मुख्यतः एकाच तक्रारीचा विचार करणार आहे, कारण हिंदुस्तानी संगीत शिकणाऱ्यांकडून ती वारंवार ऐकू येते: या यंत्रावर केलेले ध्वनिमुद्रण परत ऐकताना तंबोऱ्याशी जुळत नाही, पट्टी उतरलेली किंवा चढलेली वाटते. माझे मत असे, की ध्वनिमुद्रण करताना हे यंत्र स्वर हलवत नाही. स्वर हलतो तो ऐकवताना, फाइल दुसरीकडे नेताना, किंवा मुळात यंत्रात शिरण्यापूर्वीच. आणि यांपैकी नेमके काय घडले हे साध्या पेटीवर बऱ्याच अंशी ओळखता येते.

यंत्र निर्दोष मानण्यामागे कारण आहे. कॅसेटच्या काळात पट्टी मोटरच्या वेगावर अवलंबून असे. रबरी पट्टा सैल झाला किंवा बॅटरी उतरली, की गाणे खाली येई. डिजिटल रेकॉर्डरमध्ये ते काम क्वार्ट्झ स्फटिकाकडे असते. स्वस्त स्फटिकाची चूकही दहा लाखांत एखाद्या दोन आकडी संख्येएवढीच असते. ती ५० धरली, तरी एका तासात जेमतेम ०.१८ सेकंदाचा फरक पडतो. स्वराच्या भाषेत बोलायचे, तर सप्तकाचे १,२०० सेंट मानतात, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटांचे अंतर असते, आणि स्फटिकाची ही चूक एका सेंटच्या दहाव्या भागापेक्षाही कमी भरते. ती कोणत्याही कानाला कळणार नाही. बॅटरी उतरू लागली, तर एच२एन बंद पडेल, पण हळू चालणार नाही. दोन यंत्रांवर केलेले एकाच मैफलीचे मुद्रण शेवटी शेवटी एकमेकांपासून किंचित सरकते, ते मात्र याच स्फटिकांमुळे. तो प्रश्न मेळ बसवण्याचा आहे, पट्टीचा नाही.

म्हणून पट्टी ढळल्याचे वाटले, की आधी दोन गोष्टी पडताळाव्यात: स्वर किती सरकला आहे, आणि त्याबरोबर कालावधी बदलला आहे का. यंत्रासमोर पेटीची एक पट्टी धरून ठेवावी, घड्याळात पाहून एका मिनिटाच्या सुरुवातीला आणि शेवटी टाळी द्यावी, आणि जिथे शंका आली त्याच साधनावर ते मुद्रण ऐकावे. स्वर आणि काळ दोन्ही एकाच प्रमाणात बदलले असतील, तर गडबड सॅम्पल रेटची, म्हणजे दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे या दराची आहे. स्वर सरकला पण मिनिट मिनिटाएवढेच राहिले, तर कुठेतरी पट्टी बदलण्याची सोय चालू आहे. मिनिट लांबले किंवा आखडले आणि स्वर जागेवरच राहिला, तर वेग बदलण्याची सोय चालू आहे. आणि दोन्ही जागेवर असतील, तर यंत्र व फाइल दोन्ही सोडून मूळ आवाजाकडे वळावे.

यांतला सॅम्पल रेटचा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत जास्त गोंधळ घालतो. एच२एनवर डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) फाइल ४४,१००, ४८,००० किंवा ९६,००० हर्ट्झवर करता येते. ४४,१०० हा आकडा सीडीचा, तर ४८,००० चित्रफितींच्या जगातला. (४४,१०० ही संख्या विचित्र दिसते, कारण सीडीपूर्वी डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत असत आणि त्या टेपवरील रेषांच्या हिशेबात तीच संख्या नीट बसत होती.) दर सेकंदाला ४८,००० नमुने घेतलेली फाइल एखाद्या साधनाने ४४,१००ची समजून वाजवली, तर तेच नमुने संपायला जास्त वेळ लागतो: एक तासाची बैठक ६५ मिनिटे १८ सेकंदांची होते आणि स्वर जवळजवळ १४७ सेंट खाली येतो. उलट घडले, तर तास ५५ मिनिटे ७ सेकंदांवर येतो आणि स्वर तेवढाच वर चढतो.

१४७ हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण तो पेटीच्या कोणत्याच पट्टीवर बसत नाही. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज (सा) मानून गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झवर असतो. या गडबडीत तो १२७.३ हर्ट्झवर येतो, म्हणजे पांढरी सात आणि पांढरी एक यांच्या अगदी मधोमध. वर चढला, तर पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये अडकतो. म्हणून मुद्रणाबरोबर पेटी धरून षड्ज शोधावा. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकत असेल आणि लयही बदललेली असेल (मिनिटाला १२० मात्रांचा तीनताल ११०वर आलेला असेल), तर पुढे फारसे शोधायची गरज राहत नाही. फरक पूर्ण सप्तकाचा असेल, तर ९६,०००ची फाइल ४८,०००ची समजली गेली आहे, किंवा उलट.

हे घडते कुठे? सहसा व्हिडिओ जोडताना. मोबाइलने घेतलेल्या चित्राला रेकॉर्डरचा चांगला आवाज जोडायचा असतो, प्रकल्प एका दराचा आणि फाइल दुसऱ्या दराची असते. नीट बनवलेले संपादन सॉफ्टवेअर दर बदलून घेते. एखादे तसे करत नाही, आणि चित्रातले ओठ व ऐकू येणारे शब्द हळूहळू एकमेकांपासून फारकत घेऊ लागतात. एका ओळखीच्या विद्यार्थिनीच्या बैठकीचे असे चित्रण मी पाहिले आहे. त्यात तबलजीचा हात समेवर पडून जातो आणि सम नंतर ऐकू येते. तिने दोष रेकॉर्डरला दिला होता. कार्डावरची मूळ फाइल मात्र तिच्या तंबोऱ्याशी चोख जुळत होती. दुसरी जागा म्हणजे यूएसबीने हा रेकॉर्डर संगणकाचा मायक्रोफोन म्हणून वापरताना. तिथे यंत्रावरचा दर आणि संगणकावरच्या प्रकल्पाचा दर दोन्ही एकच ठेवावेत. आपल्या कामात व्हिडिओ येण्याची थोडीही शक्यता असेल, तर सुरुवातीपासून सगळीकडे ४८,०००च ठेवावा, असे माझे मत आहे. ९६,०००चा आग्रह धरल्याने गायनाच्या मुद्रणात हाती फारसे काही लागत नाही, फाइल मात्र दुप्पट होते. ४८,००० व २४ बिटांवर (बिट म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा तो आकडा) स्टिरिओ मुद्रणाला तासाला साधारण १ गिगाबाइट लागतो आणि एच२एन ३२ गिगाबाइटपर्यंतचे कार्ड घेतो, तेव्हा जागेची चणचण भासत नाही.

दुरुस्ती करताना मात्र जपावे, कारण इथे दिसायला सारखी पण परिणामात उलट अशी दोन कामे असतात. ऑडेसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या नावाशेजारच्या मेनूतून रेट बदलला, की नमुने तसेच राहतात, फक्त ते किती वेगाने वाजवायचे हे बदलते. चुकलेली पट्टी सरळ करायला हेच हवे. रिसॅम्पल ही आज्ञा याउलट नमुने नव्याने मोजते आणि पट्टी आहे तशीच राखते, म्हणजे चुकलेली पट्टी चुकलेलीच राहते. स्वर बदलण्याच्या इफेक्टने १४७ सेंट वर ढकलणे हा तिसरा मार्ग. तो शक्य असला तरी वापरू नये: लय उतरलेलीच राहते आणि तबल्याच्या चाटीचा कडकपणा बोथट होतो.

ध्वनिमुद्रण थांबवण्यापूर्वीच बॅटरी काढली गेली किंवा संपली, तर अडचण थोडी वेगळी असते. डब्ल्यूएव्ही फाइलच्या सुरुवातीला काही बाइटांची एक नोंद असते. तिच्यात दर, वाहिन्यांची संख्या, बिट आणि एकूण लांबी लिहिलेली असते. लांबी मुद्रण संपल्यावर भरली जाते. ती भरलीच गेली नाही, तर पुष्कळ सॉफ्टवेअर फाइल उघडायला नकार देतात. अशा वेळी ऑडेसिटीत ती रॉ डेटा, म्हणजे नोंदीविना नुसते आकडे म्हणून आत घेता येते, पण मग हे सगळे आकडे आपल्याला स्वतः सांगावे लागतात. स्टिरिओ फाइल मोनो म्हणून उघडली, तर कालावधी दुप्पट आणि स्वर एक सप्तक खाली. २४ बिट सोडून १६ सांगितले, तर नुसती खरखर. ही खरखर ऐकून फाइल गेली असे समजून ती पुसून टाकणारे लोक आहेत. तसे करू नये, आधी बिटांचा आकडा बदलून पाहावा.

आता यंत्राच्या स्वतःच्या सोयींकडे. एच२एनमध्ये वाजवण्याचा वेग निम्म्यापासून दीडपटीपर्यंत बदलता येतो, आणि वेगापासून स्वतंत्रपणे पट्टी अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर किंवा खाली सहा पायऱ्यांपर्यंत नेता येते. शिकणाऱ्यासाठी ही दुसरी सोय फार मोलाची आहे. गुरुजींनी काळी एकमध्ये सांगितलेली बंदिश काळी पाचमध्ये गाणाऱ्या शिष्येला तीन पायऱ्या खाली आणून आपल्या षड्जाशी जुळवता येते, आणि ती खालच्या सप्तकात ऐकत वरच्या सप्तकात घोकता येते. दोन पायऱ्यांपर्यंत आवाज सुसह्य राहतो; चार-पाच पायऱ्या गेल्या, की स्वरावर पाण्याखालून आल्यासारखी झाक चढते आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकारता गुंजारव, तर पार मोडते. एवढ्या किमतीच्या यंत्राकडून याहून जास्त अपेक्षा धरू नये.

परंतु हीच सोय पट्टीच्या तक्रारीचे एक कारण ठरते. वर्गातले एकच यंत्र अनेकजण हाताळतात, कोणी पट्टी बदलून ठेवतो आणि दुसरा गोंधळतो. ओळखण्याची खूण अशी, की हा फरक नेहमी पूर्ण पायऱ्यांचा असतो, त्यामुळे षड्ज पेटीच्या कुठल्यातरी पट्टीवर नेमका सापडतो आणि लय तशीच असते. खात्री करायची, तर कार्डावरची फाइल संगणकावर ऐकावी: ही सोय ऐकवण्यापुरती आहे, मुद्रणाला ती हात लावत नाही. माझी तक्रार अशी, की ऐकवताना पट्टी बदललेली आहे हे पडद्यावर ठळकपणे डोळ्यांत भरायला हवे होते. छोटा पडदा आणि बाजूच्या खटक्याने चालणारा मेनू यांत ते हरवते.

यंत्रात एक ट्यूनरही आहे. गिटार वाजवणाऱ्याला तो उपयोगी पडेल, पण हिंदुस्तानी गायकाने तो जपून वापरावा. तो समान बारा भागांच्या सप्तकावर चालतो, म्हणजे पेटीच्या हिशेबाने. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा जो गांधार आपण स्वयंभू म्हणून ऐकतो, तो षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो; ट्यूनर ४०० सेंटांची वाट पाहत असतो. त्यामुळे गांधार तंबोऱ्यात विरघळून गेला, तरी सुई १४ सेंट उतरलेली दाखवते. शुद्ध धैवत ८८४ सेंटांवर घेतला तर १६ सेंट उतरलेला, आणि कोमल गांधार ३१६वर घेतला तर तेवढाच चढलेला. पंचमाचा फरक अवघा दोन सेंटांचा. म्हणून या ट्यूनरवर षड्ज आणि पंचम तपासावेत, बाकी स्वरांच्या बाबतीत त्याचे ऐकू नये. आपले ध्वनिमुद्रण ट्यूनरला ऐकवून ते बेसूर ठरवणाऱ्यांना हे आवर्जून सांगावेसे वाटते.

यंत्राला अंगचाच एक छोटा स्पीकर आहे, आणि पट्टीचा निवाडा त्यावर कधीही करू नये. एवढ्याशा स्पीकरमधून खर्जाचा मूळ स्वर बाहेरच पडत नाही. वरच्या स्वरांशांवरून (मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या उंच सूक्ष्म स्वरांवरून) कान तो अंदाजाने उभा करतो, आणि तंबोऱ्यासारख्या स्वरांशांनी भरलेल्या वाद्याच्या बाबतीत हा अंदाज डळमळतो. हेडफोन लावून ऐकल्यावर अर्ध्या तक्रारी विरतात. आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोयही गाण्यासाठी बंदच ठेवावी. ती पट्टी बदलत नाही, पण गायक थांबला, की तंबोरा एकदम मोठा होतो आणि आलापाचा तोलच वेगळा ऐकू येतो. बाजूच्या चक्रीने पातळी हाताने ठरवावी, तारसप्तकातल्या सर्वांत जोरकस जागेला थोडी मोकळीक ठेवून.

कधीकधी मूळ आवाजच सरकलेला असतो. तासभराच्या बैठकीत तंबोऱ्याच्या तारा उतरतात आणि गायक नकळत त्यांच्याबरोबर उतरतो. शेवटचे भजन आणि सुरुवातीचा ख्याल लागोपाठ ऐकले, की ते उघडे पडते. बासरीची पट्टी हवेच्या तापमानाबरोबर दर अंशाला साधारण तीन सेंट चढते. वातानुकूलित सभागृहात २२ अंशांवर आणि मेमधल्या मांडवात ३६ अंशांवर केलेल्या मुद्रणांची तुलना केली, तर एकाच बासरीत ४० सेंटांच्या आसपास तफावत निघू शकते. रेकॉर्डर इथे फक्त साक्षीदार असतो.

जुन्या कॅसेटी उतरवणाऱ्यांसाठी थोडे अधिक लिहायला हवे, कारण गुरूंच्या शिकवण्यांच्या, घरगुती मैफलींच्या आणि आकाशवाणीवरून टिपलेल्या कार्यक्रमांच्या कॅसेटी मराठी घरांत अजून पुष्कळ आहेत. एच२एनच्या ३.५ मिलिमीटरच्या लाइन-इनमधून त्या उत्तम उतरतात. पण डेकच्या वेगात एक टक्क्याची चूक म्हणजे १७ सेंट, तीन टक्क्यांची म्हणजे अर्ध्या पट्टीहून थोडी जास्त. आणि ज्या डेकवर ती कॅसेट मूळ भरली, त्याची चूक वेगळीच. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर आहे, पण घरातला प्रत्येक टेपरेकॉर्डर तो पाळत असेलच असे नाही. इथे फरक पेटीच्या पट्टीवर पडेल, मध्ये पडेल किंवा कॅसेटच्या दोन टोकांना वेगवेगळा पडेल, आणि तोच या प्रकाराचा पुरावा.

मूळ पट्टी शोधायला पाश्चात्त्य तंत्रज्ञ मुद्रणात मिसळलेल्या विजेच्या गुणगुणीचा आधार घेतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झवर यावी. ती ५१वर दिसली, तर टेप दोन टक्के वेगाने चालली असे धरायचे. हा उपाय आपल्या जुन्या कॅसेटींना बेधडक लावू नये. २००२-०३च्या सुमारास वीजदराची नवी पद्धत येईपर्यंत भारतातल्या वीजजाळ्यांची वारंवारता दिवसभरात बरीच वरखाली होत असे. मागणीच्या वेळी ती ४९च्याही खाली जाई. एक हर्ट्झचा फरक म्हणजे ३४ सेंट. तेव्हा १९८५च्या मैफलीतली गुणगुण पाहून षड्ज ठरवला, तर आपण त्या संध्याकाळच्या वीजटंचाईची भर गाण्यात घालू. त्यापेक्षा साथीची पेटी ऐकावी. पेटीच्या स्वरपट्ट्या दशकानुदशके फारशा हलत नाहीत. ती पेटी आजही कुणाकडे असेल, तर तिच्यावरूनच वेग ठरवावा. ती नसेल, तर गायक कोणत्या पट्टीत गात असे याची खात्रीची माहिती आणि त्याच्या इतर मुद्रणांशी तुलना, एवढाच आधार उरतो. बदल करायचा तो वेग आणि स्वर एकत्र हलवणाऱ्या आज्ञेने करावा, आणि न बदललेली प्रत जपून ठेवावी.

यंत्र म्हणून एच२एनविषयी बाकी थोडक्यात. पाच मायक्रोफोन कॅप्सूल आणि वरच्या चक्रीने निवडायच्या चार पद्धती ही त्याची खरी ताकद आहे. गायक आणि साथीदार गोलात बसले असतील, तर चारही बाजूंचे मुद्रण विशेष खुलते. दोन एए बॅटरींवर तो लांब बैठकही निभावतो. प्लास्टिकचे अंग हातात हलके आणि थोडे पोकळ वाटते, हात लागला की खुडखुड मुद्रणात उतरते, आणि एकट्या तंबोऱ्यासारख्या अगदी हळू आवाजात पार्श्वभूमीची सळसळ जाणवते. मिनी यूएसबीची वायर आता शोधावी लागते.

नवा घेणाऱ्यांनी याच मालिकेतला एच२ एसेन्शियल पाहावा. त्यातल्या ३२ बिट फ्लोटमुळे (अगदी हळू ते अगदी मोठा आवाज एकाच पातळीवर सामावून घेणाऱ्या पद्धतीमुळे) पातळी चुकण्याची चिंता जवळजवळ संपते. पट्टीच्या बाबतीत मात्र त्याने काही बदलत नाही, दराचे नियम तेच राहतात. जुना एच२एन घेत असाल, तर दुकानात जाताना आपले कार्ड, हेडफोन आणि मोबाइलवर ४४० हर्ट्झचा स्वर देणारे कुठलेही अॅप न्यावे. तो स्वर मिनिटभर मुद्रित करून यंत्रावरच हेडफोनने ऐकावा आणि मोबाइलच्या स्वराशी लावून पाहावा. आवाज स्थिर राहिला, तर ठीक. संथपणे वाढत-कमी होत असेल, तर फरक किरकोळ आहे. तो सोडून द्यावा. दोन वेगळे स्वर ऐकू आले, तर आधीच्या मालकाने मेनूत काय ठेवले आहे ते पाहावे आणि सर्व मांडणी मूळपदावर आणून पुन्हा मुद्रण करावे. त्यानंतर पातळीची चक्री पूर्ण फिरवताना खरखर येते का आणि बॅटरीचे झाकण घट्ट बसते का, हे तपासावे; या यंत्राच्या वयात खरी दुखणी तिथे निघतात.